लाल कोब्याचं ठिगळ

नरसिंहरावांना घर दाखवायला नेलं, की ते भिंतीकडे बघत नसत, छताकडे बघत नसत, घरमालकाकडे तर नाहीच नाही. चपला दाराबाहेर काढायच्या, चष्मा सदऱ्याला पुसून परत खिशातच ठेवायचा, आणि सरळ आडवं होऊन उजवा गाल जमिनीला लावायचा. एकाहत्तर वर्षांचा माणूस दिवाणखान्याच्या मधोमध असा पसरलेला पाहून नवीन माणूस घाबरायचा. एका घरातल्या सूनबाईंनी तर ॲम्ब्युलन्सला फोन लावला होता. बसवनगुडीतले जुने लोक मात्र शांतपणे कॉफी करायला आत जात. हा माणूस जमीन वाचतो आहे आणि वाचून होईपर्यंत बोलणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं.

नरसिंहराव जाधव म्हणजे लाल कोबा घालणारे गवंडी. कन्नडमध्ये त्या जमिनीला गारे म्हणतात. बेंगळुरातल्या जुन्या घरात पाऊल टाकलं की तळव्याला जो गारवा लागतो आणि खाली बघितलं की खिडकीचे गज उलटे दिसतात, ती ही जमीन. उभं राहून बघितलं तर कुठलाही कोबा चांगलाच दिसतो, असं नरसिंहरावांचं म्हणणं. डोळा जमिनीच्या पातळीला नेला आणि समोरून सकाळचं ऊन तिरपं येत असलं, की तिच्या पोटातलं सगळं वर येतं. कुठं पाणी जास्त झालं, कुठं थापी कंटाळली, कुठं कारागिराचं लक्ष विडीकडे गेलं, सगळं.

जाधव घराणं बेंगळुरात कधी आलं ते कुणालाच नीट सांगता येत नाही. शहाजीराजांबरोबर आलो, असं इथले सगळेच मराठे सांगतात. नरसिंहरावही सांगत. पण तलवार घेऊन आलो की थापी घेऊन, असं कुणी विचारलं तर विषय बदलत. निदान तीन पिढ्या तरी थापीच होती. आजोबांनी बसवनगुडीतल्या बंगल्यांत कोबा घातला, वडिलांनी घातला, आणि नरसिंहरावांनी शाळेची पायरी अर्ध्यात सोडून वडिलांच्या मागे घमेलं उचललं. आता गुडघे म्हणत होते पुरे, आणि मुलगा बँकेत होता. नरसिंहराव मात्र रोज सकाळी हनुमंतनगरातल्या घरातून निघून बसवनगुडीत एक फेरी मारत. काम नसलं तरी मारत.

त्या फेरीत त्यांना एवढं काय दिसायचं, ते विचारण्यासारखं होतं. सव्वाशे वर्षांपूर्वी जुन्या पेटेत प्लेग शिरला. घराला घर चिकटलेलं, वारा नाही, उजेड नाही, आणि उंदरांना मात्र मोकळं रान. दक्षिणेच्या माळावर नव्या वस्तीची आखणी आधीच सुरू झाली होती, प्लेगनं लोकांना तिकडं ढकललं. मग आखणाऱ्यांनी मरणाचा धसका घेऊनच पुढची दोरी धरली असावी. रस्ते सरळ आणि रुंद, प्रत्येक घराभोवती मोकळं अंगण, मागच्या बाजूला सफाईवाल्यांसाठी वेगळी गल्ली. घराच्या चारही अंगांनी वारा फिरला पाहिजे, हा हट्ट. मग त्या अंगणांत घरं उभी राहिली. मंगळुरी कौलं, पुढं ओसरी, आणि पोर्चवर लाकडी पट्ट्यांची टोकदार टोपी. तिला इथे मंकी टॉप म्हणतात, आणि माकडांचा तिच्याशी काय संबंध ते बहुधा माकडांनाही ठाऊक नसावं. दारावर चुन्यात कोरलेलं घराचं नाव आणि साल. मेलेल्यांच्या भीतीतून माणसांनी एवढं देखणं काहीतरी उभं केलं, याचं नरसिंहरावांना सत्तर वर्षांनंतरही नवल वाटायचं. एखाद्या फाटकापाशी ते असे उभे राहत, की आतला कुत्राही भुंकून कंटाळायचा.

बऱ्याच वस्त्यांत असली घरं पडून काचेच्या इमारती आल्या होत्या. या तीन-चार रस्त्यांवरच्या लोकांनी मात्र हट्टानं घरं राखली होती. बाहेरून राखली होती, हे सांगायला हवं. आत शिरलं की बहुतेक घरांत पांढऱ्या चकचकीत टाइल्स होत्या. आणि त्याला जबाबदार कोण, तर अर्धेअधिक नरसिंहराव स्वतः.

झालं असं होतं. कोबा एका दमात घालतात. खालचा थर ओला असतानाच लाल भुकटी मिसळलेलं सिमेंट वर पसरायचं, आणि सकाळी धरलेली खोली संध्याकाळपर्यंत संपवायची. मध्ये थांबलं की सांधा पडला, आणि सांधा पडला की तो जन्मभर दिसला. म्हणून त्यांचे वडील हनुमंतराव म्हणायचे, ‘कोब्याला ठिगळ नसतं.’ नरसिंहरावांनी ते वाक्य वेदवाक्य मानलं. कुणाच्या घरी जमीन तडकली, पाइपसाठी फोडावी लागली, की लोक त्यांना बोलवत. ते गाल लावत, उठत, आणि सांगत की ठिगळ लागणार नाही, सगळी काढा आणि नवी घाला. सुरुवातीला लोक नवा कोबा घालून घेत. पुढं पुढं आठवडाभर जमीन ओली ठेवून बाजूला राहायला कुणाला वेळ उरला नाही, आणि काढलेल्या जमिनीच्या जागी टाइल्स आल्या. तीसेक घरांचा कोबा त्यांच्या शब्दावर फुटला. त्यातले कित्येक आजोबांचे नि वडिलांचे होते. पण वाक्य वडिलांचं होतं, त्याला ते काय करणार?

जानेवारीतल्या एका गुरुवारी मैत्रेयी त्यांना ‘कमलालय’मध्ये घेऊन गेली. मैत्रेयी पुण्याची, जुन्या इमारतींची दुरुस्ती शिकलेली. राहायची बेळ्ळंदूरला, आणि तिथून बसवनगुडीला पोचेपर्यंत माणसाचं निम्मं आयुष्य सरतं, असं तिचं मत होतं. तरी सुट्टी काढून ती या रस्त्यांवरच्या घरांची यादी करत होती. कुठल्या घरात काय शाबूत आहे, त्याची मापं, फोटो. कमलालय तिच्या यादीत सगळ्यात वर होतं. दारावर १९३६ साल, आणि दिवाणखान्यात आजोबांनी घातलेला कोबा. घरातल्या माणसांच्या पायांनी घासून घासून त्याचा रंग पिकल्या जांभळासारखा गडद झाला होता. एवढा मोठा आणि एवढा अखंड कोबा या रस्त्यावर आता दुसरा नव्हता.

अखंड होता म्हणायचं. मागच्या आठवड्यात जमिनीखालचा पाइप फुटला आणि प्लंबरनं खिडकीजवळ परातीएवढं भोक पाडलं. घरमालक गुरुदत्त पंचावन्नच्या घरातले, सरळ स्वभावाचे गृहस्थ. त्यांना ते भोक डोळ्यांसमोर नको होतं. सोमवारी सकाळी टाइल्सवाले येणार होते. मैत्रेयीनं हातापाया पडून एवढंच मिळवलं होतं, की नरसिंहण्णा काय म्हणतात ते ऐकू. नरसिंहण्णा ‘फोडा’ म्हणाले तर फोडू.

फाटकाशी ती म्हणाली, “काका, प्लीज, एकदा नीट बघा. तुम्ही नाही म्हणालात तर मी परत विषय काढणार नाही.”

नरसिंहरावांना तिची दया आली. उत्तर त्यांच्या तोंडात तयारच होतं. तरी रीत म्हणून ते आडवे झाले. पूर्वेच्या खिडकीतून ऊन अगदी लोळत आत आलं होतं. त्यांनी आजोबांची थापी ओळखली. डावीकडून उजवीकडे जाणारे, धनुष्यासारखे लांब फिरवे, एकामागून एक, भिंतीपर्यंत. कुठं घाई नाही, कुठं चूक नाही. आपण याला फोडा म्हणणार, या विचारानं त्यांनी डोळे मिटले. उघडले तेव्हा नजर भोकाच्या पलीकडे गेली होती, जिथलं लोखंडी कपाट प्लंबरनं हलवलं होतं.

तिथं धनुष्यं उलटी होती.

सुपाएवढी जागा. उजवीकडून डावीकडे जाणारे छोटे, गोल, अगदी एकमेकांत मिसळलेले फिरवे. त्यांनी बोट फिरवलं, सांधा लागला नाही. नख फिरवलं, अडकलं नाही. खिशातून चष्मा काढून लावला आणि उभं राहून बघितलं, तर जागाच सापडेना. पुन्हा आडवे झाले, तर होती. कोब्याला ठिगळ होतं. आणि असं होतं, की पन्नास वर्षं या धंद्यात घालवलेल्या माणसाला ते कपाट हललेलं असतानाही उभ्यानं दिसेना. नरसिंहराव इतका वेळ उठेनात, की यावेळी गुरुदत्तांच्या बायकोनं, भार्गवीनं, खरंच पाणी आणलं.

ही जमीन पूर्वी फुटली होती काय, असं त्यांनी विचारलं. गुरुदत्त आठवू लागले. आपण पाळण्यात होतो तेव्हा झोपाळ्याची कडी निसटून पितळी साखळी खाली पडली आणि तुकडा उडाला, असं अम्मा सांगायची. दुपारी कुणीतरी बाई येऊन नीट करून गेली होती म्हणे.

“कोण बाई?”

ते काही गुरुदत्तांना ठाऊक नव्हतं. पण उलटे फिरवे डाव्या हाताचे, आणि नरसिंहरावांना त्यांच्या ओळखीत डावखुरी बाई एकच आठवत होती. डाव्या हातानं वाढते म्हणून आजीची बोलणी खाणारी. रविवारपर्यंत वेळ द्या, एवढं बोलून ते चपला घालून निघाले. त्यांनी फोडा म्हटलं नाही, हे फाटकाबाहेर गेल्यावर मैत्रेयीच्या ध्यानात आलं.

त्यांची थोरली बहीण अनुसूया येलहंक्याच्या जुन्या गावात राहायची. वय एकोणऐंशी, ऐकू उत्तम, आणि जीभ त्याहून उत्तम. नरसिंहराव दोन बस बदलून पोचले तेव्हा ती ओसरीवर अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, सोलत बसली होती. अवेळी आलेल्या भावाला तिनं आधी सोलायला बसवलं, मग काय ते विचारलं. त्यांनी उलट्या धनुष्यांचं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

“आईचंच ते,” ती म्हणाली. “आणि कुणाचं असणार?”

मग तिनं शेंगा सोलता सोलता सगळं सांगितलं. नरसिंहराव ऐकत होते आणि त्यांच्यापुढचा ढीग तसाच राहिला होता.

आई, शेवंताबाई. बसवनगुडीच्या घरांत सेवंतक्का. गवंड्याच्या बायकोनं रेती चाळावी, पाणी मारावं, थापी धरू नये, असा रिवाज. वडिलांनी ठिगळ लावायचे दोन-तीनदा प्रयत्न केले होते आणि दर वेळी ते डोळ्यात खुपलं होतं. म्हणून ते बाहेर सांगत की कोब्याला ठिगळ नसतं. खोटं नव्हतं ते, त्यांच्यापुरतं खरंच होतं. पण घरातल्या बायकांना नवी जमीन परवडत नसे, आणि नवऱ्याला कळायच्या आत तडा बुजायला हवा असे. त्या मागच्या गल्लीतून निरोप धाडत. पुरुष ऑफिसात गेल्यावर सेवंतक्का मागच्या दारानं जायची. फुटलेले तुकडे आधी खलबत्त्यात कुटायची, लुगड्याच्या फडक्यातून गाळायची आणि तीच भुकटी नव्या सिमेंटात मिसळायची. ज्या घराचं लाल त्याच घराला. कडा सरळ कापायची नाही, तडा गेला असेल तशीच वेडीवाकडी ठेवायची, आणि थापीऐवजी एका गुळगुळीत दगडानं जुन्यावरून नव्यावर घासत राहायची. पैसे घेत नसे. घरची बाई तिची ओटी भरायची, खण आणि नारळ.

नरसिंहरावांना ते नारळ आठवले. दुपारी शाळेतून आलं की आईच्या पदरात नारळ असायचा. हळदीकुंकवाला गेली होती, असं त्यांनी समजून टाकलेलं. एका बाईला वर्षभर एवढी हळदीकुंकवं कशी असतील, हा हिशेब त्यांच्या डोक्यात कधी आलाच नव्हता. त्याच नारळांची, आईच्या कामाची, चटणी खाऊन ते वाढले होते.

“मला का नाही सांगितलं तिनं?” त्यांनी विचारलं.

अनुसूयेनं पहिल्यांदाच हातातली शेंग खाली ठेवली. “सांगाया गेली होती की रे नरसू. पंधरा वर्षांचा होतास. ये, स्वल्प बस, दगड कसा धरायचा बघ, म्हणाली. तू काय म्हणालास? घासणं बायकांचं काम, मला अप्पांचं काम शिकायचंय.”

ती दुपार त्यांना आठवली. शब्द आठवले नाहीत, पण आई उठून आत गेली होती ते आठवलं. अक्कानं आत जाऊन लोणच्याच्या बरणीवरचा दगड उचलून आणला, धुतला, पुसला आणि भावापुढं ठेवला. काळा, मुठीएवढा, पावासारखा चपटा. नरसिंहरावांनी तो ओळखला. खंडेनवमीला थापी, ओळंबा, गुण्या यांच्या रांगेत वडील हाही दगड मांडत आणि त्याला सगळ्यांत आधी कुंकू लावत. हा कुठला तरी घरचा देव, असं समजून नरसिंहराव इतकी वर्षं त्याच्या पाया पडले होते. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय! त्यांनी तो उजव्या हातात धरून बघितला, बसेना. डाव्या हातात घेतला, आणि अंगठा एका खळग्यात अलगद जाऊन टेकला. तो खळगा आईच्या अंगठ्यानं पाडला होता.

“म्हणजे अप्पांना ठाऊक होतं?”

“ठाऊक नसायला काय झालं? अप्पा दसऱ्याला बन्नी द्यायला घरोघर जायचे, तू मागनं जायचास. कसे चालायचे ते आठव.”

परतीच्या बसमध्ये नरसिंहरावांना ते आठवलं. दसऱ्याच्या संध्याकाळी पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, हातात बन्नीची, म्हणजे शमीची, पानं. ज्या घरांत कोबा घातला त्या प्रत्येक घरी जायचं, पान द्यायचं, वाकायचं. आणि दिवाणखान्यातून जाताना अप्पा मध्येच वळायचे. सरळ वाट सोडून एक पाऊल बाजूला, मग पुन्हा सरळ. मागून चालणारा नरसूही तसाच वळायचा. एकदा त्यानं विचारलं होतं, अप्पा, असं वाकडं का चालता? वडील म्हणाले होते, काम ओलं आहे तिथं. नरसूनं वाकून हात लावला होता. जमीन खडखडीत कोरडी होती. अप्पांना विसर पडला असेल, असं त्यानं ठरवून टाकलं.

शनिवारी सकाळी ते मैत्रेयीला घेऊन निघाले. ज्या चार घरांचा जुना कोबा अजून जागेवर होता, तिथं गेले. दारात उभं राहून त्यांनी डोळे मिटले आणि दसऱ्यासारखं चालू लागले. पहिल्या घरात देव्हाऱ्यापाशी पाय आपोआप वळला. मैत्रेयीनं तिथं गाल लावला आणि ओरडता ओरडता थांबली, कारण आतून पोथी वाचल्याचा आवाज येत होता. उलटी धनुष्यं. दुसऱ्या घरात जेवणघराच्या उंबऱ्याशी. तिसऱ्यात दोन जागी, खिडकीखाली आणि जिन्याच्या पायथ्याशी. चौथ्यात इतकी मोठी जागा, की जवळजवळ अर्धी खोली आईची होती. बावन्न वर्षांपूर्वी गेलेली बाई तिथं उन्हात अजून घासत बसली आहे, असं नरसिंहरावांना वाटलं. त्यांना भीती नाही वाटली. देवळात गाभाऱ्याचा दरवाजा उघडला की माणूस जसा आपसूक हात जोडतो, तसे त्यांनी हात जोडले. मैत्रेयी वहीत मापं लिहायची सोडून नुसती बघत राहिली.

पाचव्या घरात जायचं कारण नव्हतं. तिथं टाइल्स होत्या. बारा वर्षांपूर्वी नरसिंहरावांनीच फोडायला सांगितलं होतं. पण ते गेले. पांढऱ्या टाइल्सवरून चालताना खोलीच्या मधोमध त्यांचा पाय वळला. ते तिथंच थांबले. खाली काही नव्हतं. आईचं जे काही होतं ते आपण सांगितलं म्हणून पोत्यांत भरून टेम्पोतून गेलं, हे त्यांनी मैत्रेयीला सांगितलं, आणि सांगताना आवाज सांभाळायचा प्रयत्नही केला नाही. किती घरं, ते तिनं विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं.

रविवारी त्यांनी गुरुदत्तांना निकाल दिला. फोडायची नाही, ठिगळ लागेल. गुरुदत्त चकित झाले, कारण याच माणसानं त्यांच्या शेजाऱ्याला, समोरच्याला आणि सख्ख्या मामाला नेमकं उलट सांगितलं होतं. नरसिंहराव म्हणाले, “ते माझं चुकलं. माझं चुकलं म्हणून तुमची जमीन फुटू नये.” गुरुदत्तांनी दहा दिवस दिले. दिसलं तर मात्र टाइल्स, सरी? नरसिंहराव म्हणाले, सरी, मान्य.

निकाल देणं सोपं होतं, हात चालवणं नव्हे. सोमवारी त्यांनी प्लंबरनं फोडलेले तुकडे गोळा करून कुटले, गाळले, मिसळले, आणि भोक भरून दगडानं घासायला बसले. डाव्या हाताला सवय नव्हती. मधूनच तो उजव्याकडे दगड देऊन मोकळा व्हायचा. दुपारी आडवे होऊन बघितलं, तर नवी जागा ओरडून सांगत होती की मी इथं आहे. आजोबांच्या जमिनीवर शाळेतल्या पोरानं गिरवल्यासारखं दिसत होतं. त्यांनी ते सगळं ओलं असतानाच खरवडून काढलं. पन्नास वर्षं आपण उस्ताद म्हणून मिरवलो आणि आईच्या सुपाएवढ्या कामापुढं आपल्याला उभं राहता येत नाही, हे त्यांना कळलं. गंमत म्हणजे कळल्याचं वाईट वाटण्यापेक्षा नवलच जास्त वाटलं.

दुसऱ्या दिवशी मैत्रेयीनं अनुसूयेला येलहंक्याहून गाडीनं आणलं. ती खुर्चीवर बसली आणि भावाला असं फैलावर घेतलं, की भार्गवीला आत जाऊन हसावं लागलं. कोपर जमिनीला टेकव. घाई कोणाची आहे? जुन्यावरून नव्यावर ये, नव्यावरून जुन्यावर नको. दगड दाबू नको, त्याचं वजन त्यालाच सांभाळू दे. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत ती बोलत होती आणि ते घासत होते. मध्ये केव्हातरी ती बोलायची थांबली. त्यांनी मान वर केली तर ती त्यांच्या हाताकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते.

“आई असाच हात फिरवायची,” ती म्हणाली.

मग आठवडाभर त्या जागेवर ओली पोती होती. नरसिंहराव दिवसातून तीनदा येऊन पाणी मारत. नवव्या दिवशी पोती काढली, खोबरेल तेलाचा हात दिला, आणि दहाव्या दिवशी सकाळी सगळे जमले. गुरुदत्तांनी उभं राहून बघितलं, बसून बघितलं, कंबरेवर हात ठेवून खोलीभर फिरले. शेवटी धोतर सावरून ते स्वतः आडवे झाले आणि गाल जमिनीला लावला. बराच वेळ ते तसेच पडून होते. उठून त्यांनी फोन काढला आणि टाइल्सवाल्याला येऊ नको म्हणून सांगितलं. भार्गवीनं पाट मांडला, अनुसूयेला बसवलं आणि तिची ओटी भरली. कुणी सुचवलं नव्हतं. तिच्या सासूनं या खोलीत हेच केलं असणार, असं तिला वाटलं, एवढंच. अनुसूयेनं नारळ पदरात घेतला आणि भावाकडे असं बघितलं, की त्यांना चटणीची चव जिभेवर आली.

निघायची वेळ झाली. नरसिंहरावांची पिशवी खोलीच्या पलीकडच्या कोपऱ्यात होती. ती आणायला ते चालू लागले. खिडकीजवळच्या नव्या जागेवरून, स्वतःच्या कामावरून, ते सरळ पाय टाकत गेले, जणू तिथं काही घडलंच नव्हतं. पुढं मात्र जिथं लोखंडी कपाट असायचं तिथं एक पाऊल बाजूला वळले, आणि मग पुन्हा सरळ झाले.

ते मैत्रेयीच्या नजरेतून सुटलं नाही. “काका, तुम्ही असं वळून का गेलात?”

“काम ओलं आहे तिथं,” नरसिंहराव म्हणाले.

तिनं वाकून हात लावला. जमीन गार होती, आणि कोरडी. ती उठली, आणि त्यांच्या मागून जाताना तिनंही तेवढी जागा सोडून पाऊल टाकलं.